बिनकल्हईची खाडी

ओहोटी लागली की बाप माझा
फावडं घेऊन उतरतो खाडीत,
गुडघाभर गाळात, पाठमोरा,
आणि किडे मोजून टाकतो बादलीत.
गळाचं आमिष. डझनाला चार पौंड.

इथले किडे हिरवट.
तांबं पचवायला शिकलेत
पिढ्यान्‌पिढ्या तेच खाऊन.
प्रयोगशाळेत मी त्यांना स्वच्छ गाळ घालून पाहिला:
मेले नाहीत,
पण धड वाढलेही नाहीत.
काचेला चिकटून बसले
परक्या घरी उतरलेल्या पाहुण्यांसारखे.

वर टेकडीवर खाणीची चिमणी,
आता तिच्यात कावळ्यांची घरटी.
पणजोबा हॅनिबल तिथूनच खाली उतरायचा.
चाळिशीत गेला, छातीत दगडाची धूळ घेऊन.
त्यानं खणलेलं कथील जहाजांत चढलं,
कॉर्नवॉलचं नाव न सांगता
कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत
भांड्यांची कल्हई झालं.
आमची खाडी तेवढी बिनकल्हईची राहिली.
तांबं, जस्त, शिसं, सोमल
पावसाबरोबर उतरत आलं
आणि पाणी कळकलं,
पितळेत विसरलेल्या ताकासारखं.

मी नळी रोवते, गाळ उपसते:
काळा, राखी,
मग एकदम गेरूचा पट्टा, बोटभर.
बाप लांबूनच बघतो.
माझ्या शाळेची फी या बादलीतून गेली,
हे तो कधी बोलत नाही.

आज गाडीत पाटी आहे, कौन्सिलची:
येथील शिंपले, कालवं खाऊ नयेत.
खाली माझीच सही.
खांब रोवायला गेले तर
गाळ धरेना, खांब कलंडला,
मीही कलंडले.
तो आला. पाटी वाचली. दोनदा.
फावड्याचा दांडा उलटा धरला.
"इथे नाही. भरतीच्या रेषेच्या वर.
नाहीतर पुढच्या उधाणात जाईल वाहून."
आणि स्वतःच ठोकली,
सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं.

मग खिशातली पाव-चीजची पुरचुंडी काढली,
हात पँटला पुसले, न पुसल्यासारखे.
अर्धा पाव माझ्याकडे केला.

"किती खोल आहे ते?"
"नळी गेली तिथपर्यंत तरी आहेच."
"हॅनिबलपेक्षा खोल?"
"नाही. तेवढं नाही."

आमच्या पावलांच्या खड्ड्यांत
पाणी भरू लागलं होतं,
कडांना किंचित तांबूस.