एकवीस अंश

सिडकोचा प्लॉट चौकोनी असतो
आणि रस्ता उभा करील तसा उभा राहतो.
किबला रस्त्याला विचारत नाही.
ऐरोलीच्या त्या प्लॉटवर मी कोन मोजला,
ट्रेसिंग पेपरवर, दोनदा:
एकवीस अंशांचा फरक.

सलाउद्दीन परकार म्हणाले, इमारतच फिरवा.
फिरवली तर मार्जिन जात होतं, जिना जात होता,
तळमजल्याची अभ्यासिका तर अर्धीच उरत होती.
झुलेखाबाई तुंगेकर, कमिटीतल्या एकट्या बाई,
तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या,
त्यांनी पेन्सिल माझ्या हातून काढून घेतली.
"भिंती ऱ्हाऊंदे सरळ. मानसा वळतील."

तर भिंती सरळ.
घुमट नाही; सपाट स्लॅब, त्यावर सोलर.
पश्चिमेला सिमेंटची जाळी,
साचा गोठिवलीच्या मढवी सुतारांचा.
एक पाकळी उलटी बसली, ती तशीच राहिली.
मिनाराच्या पोटात पाण्याची टाकी.
मोरब्याची लाईन फुटली तेव्हा
तीन दिवस मिनाराखाली साऱ्या सेक्टरच्या बादल्या,
आणि रांगेत भांडणंही, का नसणार,
कॅनवाल्याला पुढे कुणी घुसू दिलं यावरून.

वर नमाजाच्या हॉलमध्ये गालिचे तिरके.
त्यांच्या रेषा भिंतींना जुमानत नाहीत.
पुढे एक त्रिकोण उरला, मागे एक.
नकाशात मी दोन्हींत बारीक अक्षरात लिहिलं होतं:
वाया.

आठ वर्षांनी, परवाच्या बुधवारी,
तिथे खाली शुगर तपासायला गेलो.
अभ्यासिकेत एक पोरगा
तलाठी भरतीचं पुस्तक उशाला घेऊन झोपलेला.
रिपोर्टला अर्धा तास होता. चपला काढून वर गेलो.
मागच्या त्रिकोणात कुणाचं दप्तर, एक कुबडी,
दोन प्लास्टिकच्या खुर्च्या,
एकीवर परकार, गुडघे गेलेले, कानही अर्धे.
मला ओळखायला त्यांना वेळ लागला.
"इंजिनेर, ही जागा तू कोनासाठी ठेवलीस
ता आता कललां."
मी इंजिनिअर नव्हतो, नुसता ड्राफ्ट्समन.
तेही बोललो नाही, आणि तो शब्दही.

शुगर दोनशे अकरा.
घरी आलो. पलंग भिंतीला काटकोनात,
टीव्ही काटकोनात, देव्हारा काटकोनात.
कधी नव्हे ते खटकलं.
बायको म्हणाली, उभ्या उभ्या काय मोजताय?