सूचनावही, फाल्गुन

सरकारी प्राथमिक शाळा, वरचा वाडा, सत्तरी.
सर्व पालकांस कळविण्यात येते की
इतकं लिहून थांबले.
खिडकीबाहेर काजीखाली चौथीची तिघं
बोंडू चोखत उभी,
आणि घंटा होऊन पाच मिनिटं झालेली.

तर पहिली सूचना तीच.
बोंडवाचा रस गणवेशाला लागू देऊ नये.
तो डाग जात नाही. साबणाने नाही, लिंबाने नाही,
दुर्वेशच्या आईने रॉकेलसुद्धा लावून पाहिलं.

दोन. सकाळी बिया वेचायला मुलं लागतात, ठाऊक आहे.
भाव पडलाय तेही ठाऊक आहे,
माझ्या सासरी सत्तर झाडं आहेत.
उशिरा पाठवा, पण पाठवा.
केसांतले हुमले झटकून पाठवा.
परवा एकजण पाढे म्हणता म्हणता
सात नवे त्रेसष्टवर असा ओरडला
की मी जोशात शाबासकी दिली,
मग कळलं, मानेला चावला होता.

तीन. शाळेचं घुमट शिगम्याला गेलं आहे.
कोणी नेलं ते विचारत नाही.
उन्हात तापवावं, चुलीवर नको.
रोमटाच्या दुसऱ्या दिवशी हजेरी घेणार नाही,
म्हणजे घेईन,
पण पेंगणाऱ्याला झोपू देईन बाकावर,
गालावर कालचा गुलाल तसाच.

वाचनालयाची चार पुस्तकं यायची आहेत.
माशांवरचं रेषाच्या आजोबांकडे आहे म्हणे;
त्यांचं वाचून होईतो असू द्यावं.
दातांचे डॉक्टर सोमवारी येणार होते, आता गुरुवारी.
विहीर तळाला गेली आहे, बाटली घरून भरून द्यावी.
परीक्षा दिनांक
इथे जागा सोडते, वरून अजून पत्र नाही.

आणि एक गोष्ट,
जी सूचना म्हणून कशी लिहायची
हे अठ्ठावीस वर्षांत मला कुणी शिकवलं नाही.
पटावर नऊ. चौथीतून जातील तीन.
पहिलीसाठी नाव आलंय एक.
हे गणित फळ्यावर घातलं असतं
तर मुलांनी बोटं न मोजता सोडवलं असतं.

वाळपईची पिवळी बस आता देवळापाशी थांबते.
तिला दोष देत नाही.
माझा मुलगाही अशाच बसने गेला,
मी त्याला हात हलवून
चालत या शाळेत यायची.
मागच्या आठवड्यात घरोघर आले, तुम्ही चहा दिलात,
खाजं बांधून दिलंत, आणि म्हणालात, बघूया बाई.
निम्मेजण माझेच विद्यार्थी,
गृहपाठ झाला का विचारलं की
तेव्हाही असंच खाली बघायचात.

कळावे.

वही दुपारी मल्लव्वाबरोबर पाठवली.
ती तिसरीत, पण वाड्यावरची सगळी कुत्री ओळखते.
संध्याकाळी परत आली: पाच सह्या,
एक अंगठा शाईचा,
एक शाईविना, तपकिरी, चिकट.
पानं एकमेकांना धरून बसली होती.

शेवटी मल्लव्वाच्याच अक्षरात, बापाने सांगितलेलं,
चिरेखाणीची तांबडी धूळ ओळींवर:
धाकटी आहे एक. सहाला तीन महिने कमी.
चालतंय का बाई?
पाऊस लागला की खाण बंद, आम्ही गावाकडं जातो.
परत आलो तर बसवा.

मी 'तर'खाली रेघ मारायला गेले,
शिक्षिकेची खोड,
मग नाही मारली.
खाली लिहिलं, चालतं. नाव काय तिचं?
आणि उद्या पुन्हा पाठवायला
वही दारापाशी ठेवली,
परीक्षेच्या तारखेची जागा
अजून कोरीच.