सात नावांचं कुलूप

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर
माझी खोली. एक टेबल, एक पंखा,
आणि भाड्याच्या सर्व्हरवर सात वेबसाइट:
हळदीच्या दोन पेढ्या, तासगावचा बेदाणा,
कुपवाडची फाउंड्री, एक तालीम,
दातांचे डॉक्टर होनवाड
आणि मिरजेचे तंबोरेवाले कासीमभाई.

साताला सात कुलपं कोण घालत बसणार?
एकच सर्टिफिकेट काढलं, आत सातही नावं,
एका गेटपासावर
टेम्पोतली सगळी माणसं आत जावीत तशी.
कुणाला कळणार होतं?
दोन वर्षं नाही कळलं.

मग भूपाल मगदुमांचा फोन.
नातवानं पत्त्याशेजारच्या कुलपावर बोट ठेवलं होतं.
"काय वो मॅडम,
माझ्या कुलपात थोरल्याचं नाव कशाला?"

पेढी वाटून अकरा वर्षं झाली.
मधे भिंत, भिंतीवर काचा.
सौद्याला दोघं समोरासमोर बसतात,
हळकुंड मोडून बघतात
आणि हमालाकरवी बोलतात.

म्हटलं, वेगळं करून देते,
दहा मिनिटांचं काम.
"करा," म्हणाले. फोन ठेवला नाही.
मागं पोती पडल्याचा आवाज.
"म्हंजे त्याच्या कुलपात माझंबी दिसत असंल?"
दिसतं.
"आधी कुणाचं?"
इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लागतात.
बी आधी, एस नंतर.
तुमचं आधी.

बराच वेळ नुसती पोती पडत राहिली.
रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर,
पेढीच्या जुन्या पाटीवर
जन्मभर दुसरा आलेला माणूस.
"ऱ्हाऊ दे मग," म्हणाले.
"आनी त्याला सांगू नका."

नव्वद दिवसांनी हे सर्टिफिकेट संपतं.
त्याआधी एका रात्री अडीच वाजता
प्रत्येक नावाला विचारणा होते: आहेस का?
एकानंही ओ दिली नाही
तर नवं मिळत नाही कुणालाच.

कासीमभाई उन्हाळ्यात गेले.
मुलगा मस्कतला, उत्तर देत नाही.
नाव काढायला हवं होतं.
पैसे मीच भरते.
पानावर अजून तोच फोटो,
पत्र्यावर वाळत घातलेले भोपळे,
आणि त्यांच्या नावाची हाक आली
की ओ माझा सर्व्हर देतो.

काल थोरल्यांचा फोन आला.
साइटवर हळदीचा रंग फिका दिसतोय, म्हणाले.
बाकी काही नाही.
मग ठेवता ठेवता,
"ते कुलूप...
चालू हाय न्हवं, सगळ्यांचं?"