आलेखाचा कागद, आठवी ब

मराठीत आरंभबिंदू म्हणतात.
मी शाळेत उगमबिंदू म्हणते,
कारण शाळा गुजराती, आणि इथे मी मोहितेबेन.
तीस वर्षं झाली, तरी हा शब्द
माझ्याच घरातून उसना नेऊन
मलाच परत दिल्यासारखा वाटतो.
नदीचा असतो तसा उगम,
दोन अक्षांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका.

पाणीगेटच्या आमच्या शाळेत
डिसेंबरात वर्ग अर्धा रिकामा.
उत्तरायण महिन्यावर आलेली,
पोरं घरी कागद चिकटवत बसतात.
जी येतात, त्यांच्या नखांत खळ वाळलेली.

फळ्यावर लिहिलं: लीला चिवडा.
पाव किलोचे साठ, अर्ध्याचे एकशेवीस.
शून्य चिवड्याचे?
"शून्य, बेन!" सगळे एका सुरात.
न घेता पैसे कोण देतो, हे आठवीला शिकवावं लागत नाही.

मग रिक्षा.
बसल्याबरोबर पंचवीस, चाक फिरायच्या आधीच.
"ही रेघ उगमातून निघत नाही," मी म्हटलं,
"म्हणून समप्रमाण नव्हे, कितीही सरळ असली तरी."
मागच्या बाकावरून कुणीतरी:
"रिक्षावाळो चोर छे."
अर्धा गुण द्यावासा वाटला.

गृहपाठ: घरातलं एक समप्रमाण शोधून आणा.

कुणी दूध आणलं, कुणी पेट्रोल.
भाविनने आणले स्वतःचे गुण आणि बापाच्या शिव्या
(ते व्यस्त प्रमाण, पुढचा धडा).
किंजल चुनाराने दोन आलेख आणले.

पहिला: पतंग आणि रुपये.
शंभराला ऐंशी, दोनशेला एकशेसाठ.
मी पट्टी ठेवून पाहिली,
एकही ठिपका रांग सोडून हलला नव्हता.

दुसरा: तास आणि पतंग. मम्मी, रात्री आठपासून.
साठ. एकशेवीस.
एकशेसत्तर. दोनशेदहा.
दोनशेतीस.
दोनशेछत्तीस.
रेघ वर जाता जाता आडवी व्हायला लागलेली.

मी लाल पेनाने लिहिलं:
आकडे तपास. पट्टीने जोड.

दुसऱ्या दिवशी वही तशीच परत.
"तपासले, बेन. मी घड्याळ घेऊन बाजूलाच बसले होते.
एक वाजल्यावर तिची बोटं..."
पुढचा शब्द तिने शोधला नाही,
हवेतल्या हवेत कागद दुमडून दाखवला,
फार सावकाश.

"सहाव्या तासात सहाच?"
"पाच. एक मी केला."

मग दप्तरातून एक सांगाडा काढला,
कागद न लावलेला:
उभी काडी ताठ, आडवी वाकवून बांधलेली.
"हा ढढ्ढा," तिने पहिल्या आलेखावर बोट ठेवलं,
"आणि ही कमान."
दुसऱ्यावर.
"दोन ढढ्ढ्यांचा पतंग चगत नाही, बेन."
चगणं म्हणजे वाऱ्यावर चढणं,
याला मराठी शब्द त्या क्षणी मला आठवला नाही.

पट्टी माझ्याच हातात होती.
लाल शाई खोडता येत नाही.
त्या ओळीतल्या एका शब्दावर काट मारली, "पट्टीने".
उरलं: जोड.

तिने उगमापासून हातानेच ओढायला घेतली.
पहिले दोन तास रेघ खरोखर सरळ गेली,
तेवढ्यापुरती मीही बरोबर होते.
मग जीभ दातांत धरून एकेक ठिपका,
आणि शेवटच्याशी ती अडली.

"दोनशेछत्तीस ठेवू, की पस्तीस?"
"जे खरं ते."
तिने थोडा विचार केला.
"मग छत्तीसच, बेन.
पैसे छत्तीसचे मिळाले."