तीच का ही?

कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली.
सीटवर वीस वर्षांची शिट,
पुढच्या चाकाला टेकलेली मोडकी शिडी,
आणि टाकीवर एक तांबडी कोंबडी,
हलायला तयार नसलेली.
चेस्तमिरच्या सुनेने आकडा सांगितला.
मी घासाघीस केली नाही.
कोंबडीसकट द्या म्हटलं, तेवढंच.

घरी आणली तर गल्लीभर एकच प्रश्न:
"यार्मिला, तीच का ही?"

ती नाही.
ती मी सत्याऐंशीच्या पानगळीत विकली
बेनेशॉवच्या एका दूधवाल्याला.
त्या पैशांत कपडे धुण्याचं यंत्र आलं,
उरल्यात पोराचे बूट.
यंत्र अकरा वर्षं इमानाने घुसळत राहिलं,
मला तक्रारीला जागाच ठेवली नाही.

हिच्या सांगाड्यावरचा नंबर वेगळा.
रंग मात्र तोच,
पिकून काळपटलेल्या चेरीचा.
जावाच. अडीचशे.

हिवाळाभर गॅरेजात.
एअर फिल्टरमध्ये उंदरांचा संसार:
अक्रोडाची टरफलं, पिसं,
कुरतडलेल्या कॅलेंडरातला एक मंगळवार.
कोणत्या सालचा, ते त्यांनी खाऊन टाकलं होतं.

एकेक नट रॉकेलमध्ये भिजत घातला
काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत.
झाकणांवर अजून माझंच अक्षर, बडीशेप जास्त, मीठ कमी.
रात्री दिवा मालवताना वाटायचं,
मुरतायत.

ओल्डरिचकडे लेथ आहे, दात नाहीत.
पिस्टनची रिंग खिडकीच्या उजेडात धरून म्हणाला,
"झीज आहे. पण गोलाई शाबूत."
मी पैसे मोजले
आणि तो कुणाबद्दल बोलत होता ते विचारलं नाही.

या गाडीची एक खोड आहे.
किकला आणि गिअरला वेगळे दांडे नाहीत.
एकच.
आत दाबून वर वळवला की किक,
इंजिन लागलं की तोच पुन्हा खाली येऊन
मुकाट गिअर होतो.
विशीत यात काही विशेष वाटलं नव्हतं.
तेव्हा सगळंच एका लाथेत व्हायचं.

आता डावा गुडघा स्टीलचा.
सर्जनने यादी दिली होती:
उकिडवं बसू नका, शिडी चढू नका, बर्फात चालू नका.
गाडीचं नाव यादीत नव्हतं.
मी दोनदा वाचली.

एप्रिलचा दुसरा शनिवार.
पहिली किक, नुसता खोकला.
चौथीला कोंबडी कुंपणापलीकडे.
सातवीला मी पायरीवर बसून पाणी प्यायले,
शेजारचा पोरगा "ढकलू का, आजी?" म्हणाला,
त्याला मी आजी या शब्दासकट घरी पाठवलं.
अकरावीला
निळा धूर,
जळक्या तेलाचा तो वास,
आणि तव्यावर फुटाणे तडतडावेत तसा आवाज,
आधी विस्कळीत, मग एका चालीत.

साझावा नदीच्या कडेने निघाले.
घाबरले होते, खोटं कशाला सांगू.
ताशी अडतीस.
एक सायकलवाला उतारावर पुढे गेला, हात हलवून.
मग गिरणीजवळचं वळण आलं
आणि मी काही ठरवायच्या आत
अंग कललं, जेवढं हवं तेवढंच.
अंगवळणी पडणं म्हणजे काय
ते त्या वळणाला माहीत होतं,
मी मधली पस्तीस-चाळीस वर्षं विसरून होते.

पेट्रोल पंपावर एक जण,
माझ्याच वयाचा, हातात पावाची पिशवी,
गाडीभोवती दोन फेऱ्या घालून थांबला.
टाकीवर तळहात ठेवला. चटका बसला, तरी काढला नाही.
"माझी होती अशी. विकली."
मग खाली वाकून नंबर बघायला लागला,
चष्मा नव्हता.
"तीच का ही?"

मला नंबर पाठ होता.
"असेल," मी म्हटलं. "बसून बघा."

पिशवी माझ्या हातात देऊन तो बसला,
आणि खाली न बघता
त्याचा पाय त्या दांड्यावर गेला.