नग एकोणचाळीस

सेलूच्या जिनिंगचा लिलाव उद्या.
मी कोर्टाकडून यादी करायला आलोय:
तागडी एक, मापं अपुरी;
लोखंडी तिजोरी, किल्ली नाही;
घड्याळ, पावणेपाचला थांबलेलं;
आणि शेटजींच्या गादीमागं, खिळ्यावर तिरकं,
एक बंदर.

विलायती शिळाछाप. कोपऱ्यात बारीक आकडे, अठराशे चौसष्ट.
भिंग लावून बघतो.
डोलकाठीचे दोर एकेक मोजून घ्यावेत असे,
गलबताचं नाव वाचता येतं,
मडमेच्या छत्रीच्या झालरीला गोंडे, तेवीस.
आभाळाला तर त्या माणसानं
अख्खा महिना दिला असेल.
खाली धक्क्यावर, सावली पडते तिथं,
गाठी वाहणारे.
कुंचल्याच्या टोकावरून सांडलेले तपकिरी थेंब.
पाय आहेत. तोंडं नाहीत.

धुरपदाबाई झाडायची थांबली.
एकतीस वर्षं याच आवारात कवडी वेचली तिनं,
अजून खोकली की वाटतं, धागा निघेल.
"हे पाणी कुठलं? येलदरीचं?"
समुद्र, मी म्हणालो. मुंबईचा.
"मी न्हाई पाह्यला."
मग, जरा वेळानं, "तुमी?"
एकदाच. सहलीत, बसच्या काचेतून.

गाठी आपल्याकडच्याही असतील, मी सांगू लागलो,
तिकडं अमेरिकेत लढाई पेटलेली, कापूस अडलेला,
इकडून बैलगाड्यांच्या रांगा घाट उतरत होत्या…
ती ऐकत नव्हती.
पदरानं काच पुसली,
नाक काचेला टेकेल इतकी वाकली
आणि थेंबांवरून बोट फिरवत गेली,
हजेरी घेतल्यासारखं.
मग हसली.
"कामून ओ, ह्यांच्या डोक्यावर चुंबळ न्हाई?
आन् ह्यो बगा, कसा ताठ.
एवढ्या वझ्याखाली मान अशी ऱ्हाती व्हय?
ज्यानं काढलं, त्यानं कदी उचललं न्हाई."

संध्याकाळी जालन्याचा एक चौकटवाला येऊन गेला.
शिसवी लाकूड नखानं खरवडून पाहिलं.
चित्राचं काय, विचारलं तर म्हणाला,
कागद काय, निघतो.

दिवा लावून रकाने भरतो.
नग ३९. बंदराचे चित्र, चौकटीसह. कसर लागलेली.
अंदाजे किंमत रुपये चारशे.
शेरा:
इथं एरवी मी आडवी रेघ मारतो.
आज लिहिलं,
चुंबळ नाही.