करपलेल्या पाच शोती

कुतैसीत, रिओनी नदीच्या अलीकडच्या काठी
माझी भट्टी पहाटे चारला पेटते.
जमिनीत पुरलेला मातीचा रांजण, तळाशी निखारे.
तापल्या भिंतीला कणीक थापायची
कमरेपर्यंत आत वाकून, श्वास धरून.
होडीच्या आकाराचा पाव होतो, शोती म्हणतात.
लवकर ओढला तर कच्चा, उशिरा ओढला तर कोळसा.
लक्ष लागतं. एवढंच सांगायचं होतं.

कारण तेकलाला लक्ष नाही, असं शाळेनं लिहून दिलंय.
आठ वर्षांची माझी पोर.
डॉक्टरीणबाईंनी त्याला लांबलचक नाव दिलं,
मी ते पिठाच्या पोत्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं,
पोतं संपलं तेव्हा तेही गेलं.

लपंडावात तिच्यावर राज्य येतं,
ती वीसपर्यंत मोजायला घेते, अकराला
भिंतीवरून मांजर जातं, ही मांजरामागे.
लपलेली पोरं लपलेलीच राहतात.
कुणी काही सांगायला लागलं की
हिचं मध्येच सुरू, त्याचं वाक्य लोंबकळत.
जूनपासून अंगणात तिला कुणी हाक मारत नाही.
वाढदिवसाचं आमंत्रण सगळ्या वर्गाला आलं.
'सगळ्या'मध्ये ती नव्हती.

त्या रात्री मीच ओरडलो,
लक्ष कुठे असतं गं तुझं?
आवाज माझा, तोंड माझ्या बापाचं.
हेच वाक्य, याच भट्टीपाशी.

तिनं रडावं तरी. ती नुसती
बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिली,
बोटाचं टोक निळं पडेस्तोवर.

मग मी पायरीवर बसलो, तिच्याशेजारी.
नाडी सोडवली. काय बोलावं सुचेना.
म्हटलं, वाईट वाटलं ना.
ती म्हणाली, इथे,
आणि गळ्यावर हात ठेवला.
मीही ठेवला माझ्या गळ्यावर.
मलाही इथेच, म्हटलं.

तेव्हापासून शनिवारी ती गल्ल्यापाशी उभी असते.
पाव देताना समोरच्याचा चेहरा बघायचा,
आणि वेनेरा आजींची गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची.
वेनेरा आजींची गोष्ट म्हणजे गुडघा, मग जावई,
मग बातुमीची आगगाडी, मग परत गुडघा.
मला स्वतःला ती कधी पुरी ऐकवलेली नाही.
पहिल्या शनिवारी तीन वाक्यं टिकली.
दुसऱ्या शनिवारी दोन.
मी पिठाचा अंगठा वर केला, दोनासाठीसुद्धा.
कधी ती पाव तसाच टाकून पळते.
परत आली की शोतीचं टोक मोडून देतो,
कुरकुरीत, तिच्या आवडीचं.
शेजारचा रेवाझ म्हणतो, लाडावून ठेवलीस.
असेल. रागानं फुगतात ती माणसं,
कणकीला ऊबच लागते.

काल तळमजल्यावरची नुत्सा आली, दोन पाव घ्यायला.
ओठ वर करून दाखवला: दात पडला, पुढचा,
जिन्यात, म्हणजे आधीपासून हलतच होता, पण जिन्यात...
तेकलाचं तोंड उघडलं. "माझा पण..."
आणि मिटलं.
तिनं गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरली,
वाऱ्यात पुलाचा कठडा धरावा तशी.
टाचा वर, खाली, वर.
मी मनातल्या मनात मोजत होतो. दहा. अकरा.
रस्त्यावरून मांजरसुद्धा गेलं असेल.
बारा.
"मग?" तेकला म्हणाली.

मग नुत्सानं सगळं सांगितलं. रक्त किती आलं,
आजीनं दात छपरावर कसा भिरकावला.

धूर आला तेव्हा मी वळलो.
भिंतीला पाच शोती, काळ्या ठिक्कर.
तेकला वाकून बघत म्हणाली,
बाबा, लक्ष कुठे होतं तुझं?
खरंच विचारत होती ती.
उत्तर हवं म्हणून हे मला
आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही तिघांनी करपलेलं खरवडून काढलं
आणि आतला पांढरा गाभा मीठ लावून खाल्ला.
नुत्साच्या घरी पाव उशिरा पोचले.